वारस नोंदीचे पाच हजार

प्रश्न असा आला आहे: "काका, वडील जाऊन चार महिने झाले. शेतीवर आई, मी आणि बहीण अशी वारस नोंद करायची आहे. तलाठी कार्यालयात एक माणूस बसतो, सरकारी नोकर नाही, पण सगळे आधी त्यालाच भेटतात. तो पाच हजार मागतो. म्हणतो, वरपर्यंत जातात. दिले तर आठवड्यात नोंद, नाही दिले तर फेऱ्या. तक्रार करावी तर उद्या पीककर्ज, पंचनामा, दाखला, सगळ्याला त्याच दारात उभं राहायचंय. आणि रोज पेपरात सापळ्यांच्या बातम्या येतात, तरी हे थांबत का नाही?"

मी १९८४ साली सोलापूर जिल्ह्यात तलाठी म्हणून लागलो आणि २०१७ साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. अकरा तालुक्यांपैकी सहांचं पाणी प्यालोय. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात दोनदा पंच होतो. हल्ली होटगी रोडला घरी बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. मी संत नव्हतो हे आधीच सांगतो. नोकरीच्या पहिल्या सुगीत एका बागायतदारानं घरी मालदांडीचं एक पोतं पाठवलं. आईनं ते परत केलं नाही, मीही केलं नाही. सगळ्या तलाठ्यांकडे जायचं. पुढच्या महिन्यात तोच गृहस्थ कामाला आला तेव्हा दारात उभा राहिला नाही, सरळ खुर्ची ओढून बसला. बाहेर त्याच्या आधीपासून चार माणसं उभी होती. ज्वारी खाऊन संपली होती, पण मला काही त्याला उठवता आलं नाही. त्यानंतर पोतं घेतलं नाही एवढंच म्हणतो, त्यात फार मोठेपणा नाही.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यातून पहिल्याचा रस्ता निघतो.

लाच घेणारा तुम्हाला नेमकं काय विकतो? नोंद विकत नाही. नोंद तुमच्या हक्काची आहे आणि ती कायमची अडवायची त्याची छातीही नसते. तो विकतो तारीख. "बघू की", "पुढच्या बुधवारी या", "साहेब मीटिंगला गेलेत", "सर्व्हर डाऊन आहे" हा त्याच्या दुकानातला माल. ज्या कामाला पोच नाही आणि मुदत नाही, त्या कामाला भाव येतो.

मी लागलो तेव्हा सातबाऱ्याचा उतारा हातानं लिहून द्यायचा. एका तलाठ्याकडे तीन-चार गावं असायची, एका गावाला आठवड्यातून एखादा दिवस मिळायचा. त्या दिवशी कोणाचा उतारा आधी लिहायचा हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. सोसायटीच्या कर्जाच्या दिवसांत उताऱ्याला असा भाव यायचा, जसा गड्ड्याच्या जत्रेत रिक्षाला येतो. पुढं सातबारा संगणकावर चढला, २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मोबाइलवर निघू लागला आणि उताऱ्यावरची चिरीमिरी बघता बघता संपली. त्यासाठी कुणी प्रवचन दिलं नाही, दक्षता सप्ताहात शपथ घेऊन कुणी सुधारला नाही. उतारा कधी द्यायचा हे ठरवणारा माणूसच मधून निघाला.

पण माणसं तीच होती, घरखर्च तेच होते. मग भाव सरकला, जिथं तारीख अजून कुणाच्या तरी हातात होती तिथं: वारस नोंद, खरेदीचा फेरफार प्रमाणित करणं, कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करणं, शेतरस्त्याची केस, मोजणी. मोजणीची तर गंमतच आहे. तिथं सरकारनंच वेग विकायला ठेवलाय. पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार होते, आता नियमित आणि द्रुतगती आहेत. जास्त फी भरा, आधी मोजून घ्या. मला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण ते पैसे तिजोरीत जातात आणि पावती मिळते. तुमच्या पाच हजारांची पावती मागून बघा.

आता तुमची नोंद कुठं अडते ते पाहू. अर्ज आला की तलाठी (२०२४ मध्ये पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गाव तलाठीच म्हणणार) चौकशी करून गाव नमुना ६-क ला, म्हणजे वारस रजिस्टरला नावं घेतो. तिथून नमुना सहाला फेरफार पडतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं लागतात. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५०. या सगळ्या साखळीत ते १५ दिवस सोडले तर कायद्यानं कुणाला थांबायला सांगितलेलं नाही. थांबवायच्या जागा माणसांनी केल्यात आणि त्या तीन आहेत.

पहिली, अर्ज दाखलच न करणं. तो माणूस तुमच्या हातून कागद घेतो, पिशवीत टाकतो, "होऊन जाईल" म्हणतो. सरकारच्या लेखी तुम्ही आलेलाच नाही. दुसरी, भुताची हरकत. "तुमच्या चुलत्याची तोंडी तक्रार आहे" असं सांगतात. हरकत तोंडी असो वा लेखी, तलाठ्याला तिची नोंद हरकत नोंदवहीत करावी लागते आणि हरकतदाराला लेखी पोच द्यावी लागते. नोंद नसलेली हरकत म्हणजे भाव वाढवण्याची पद्धत. लगेच म्हणायचं, "हरकतीच्या नोंदीची नक्कल द्या." तिसरी सगळ्यात मुरलेली. माझ्या बरोबरीचा एक जण एका वेळी एकच त्रुटी सांगायचा. मृत्यूचा दाखला आणला की आधार कार्ड, ते आणलं की बहिणीची सही, ती आणली की प्रतिज्ञापत्र. तिसऱ्या फेरीला माणूस स्वतःच खिशात हात घालायचा. त्यानं आयुष्यात कधी तोंडानं पैसे मागितले नाहीत आणि याचा त्याला अभिमान होता.

म्हणून पहिलं काम: त्या माणसाशी बोलणं बंद. भांडू नका, तत्त्वज्ञान सांगू नका, घासाघीस तर मुळीच करू नका. "तीन हजारांत करा की" म्हणालात की तुम्ही गिऱ्हाईक झालात. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो, तसा करा आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. ते जमत नसेल तर कागदी अर्ज दोन प्रतींत करा, खाली जोडलेल्या कागदांची यादी लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तलाठी पोच देत नसेल तर तहसील कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर द्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवून पावती अर्जाला टाचून ठेवा. अर्जातच एक ओळ घाला: "काही त्रुटी असल्यास सर्व त्रुटी एकत्रित लेखी कळवाव्यात." त्या एका ओळीनं माझ्या त्या सहकाऱ्याचं दुकान बसलं असतं.

आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, बिदरच्या बादशहाची मर्जी फिरली, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याची किंमत मोजून आला. कीर्तनकार भक्तीवर थांबतात. मी कारकून माणूस, माझं लक्ष कायम एकाच गोष्टीवर जायचं. पैसे भरल्यावर त्यानं पावती मागून घेतली होती, आणि ती दामाजींच्या पोथीत निघाली म्हणून पुढचं सगळं निभावलं.

पोच हातात आली की तुमच्याकडे हत्यारं आहेत. लोकांना त्यातलं फक्त माहिती अधिकार ठाऊक असतं आणि तेही चुकीचं वापरतात. "माझं काम का झालं नाही?" असं विचारलं तर "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं उत्तर येतं आणि कायद्याच्या दृष्टीनं ते अगदीच चूकही नसतं. मागायचा तो कागद. जोडपत्र 'अ' चा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, आणि मागणी अशी: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. तो अर्ज कोणकोणत्या पदावरच्या कर्मचाऱ्याकडे किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होता, हे दाखवणाऱ्या नोंदवहीच्या पानांची प्रत. कार्यालयाच्या हरकत नोंदवहीतल्या माझ्या गटाच्या नोंदीची प्रत. बस्स. यातलं दुसरं वाक्य टोचतं. कारण ते पान झेरॉक्सला काढायचं म्हणजे कुणाच्या तरी नावासमोर पन्नास दिवस लिहिलेले दिसणार, आणि त्या कागदावर त्यालाच सही करायची असते.

उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. दुसरं अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो, पण आयोगापर्यंतची वाट लांब आहे. तुमचं काम बहुतेक वेळा पहिल्या अर्जावरच हलतं. एक सावधगिरी: अमुक साहेबांची मालमत्ता, त्यांच्या मुलाचं लग्न, असलं काही मागू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललंय, तिथं नकार देणं आता सोपं झालंय. माणसाबद्दल विचारू नका, फाइलीबद्दल विचारा.

दुसरं हत्यार म्हणजे आम्ही ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणायचो तो. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध असं त्याचं लांबलचक नाव, साल २००५, आणि अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनाच्या रेट्यात तो झाला. कलम १० म्हणतं, साधी फाइलसुद्धा एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि जाणूनबुजून विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. या कायद्याखाली तहसीलदारांना एका पानाचं पत्र द्या, माहिती अधिकारात मिळालेलं ते नोंदवहीचं पान जोडा. मी खुर्चीवर असताना अशी पत्रं आली की पोटात गोळा यायचा हे प्रामाणिकपणे सांगतो. "आपल्या कार्यालयात भ्रष्टाचार बोकाळला आहे" अशा पत्रांनी काही व्हायचं नाही, ती आम्ही फाइलला लावायचो.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. कार्यालयाबाहेर सेवांचा फलक असतो: सेवा, मुदत, अधिकारी, अपील अधिकारी. तुमची सेवा त्यात असेल तर मुदत संपल्यावर अपील करा. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. दाखल्यांच्या कामाला हा कायदा उत्तम. नोंद नामंजूर झाली तर मात्र यातलं काही चालत नाही, तिथं प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, ६० दिवसांत अपील.

एवढं करूनही पैशाची मागणी आली तर? किंवा तुमचा स्वभावच असा असेल की मागणाऱ्याला सोडायचं नाही? मग लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर लावा, नाहीतर सरळ त्यांच्या सोलापूर कार्यालयात जा. उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी तिथं असतो, वर पुणे परिक्षेत्र. तो माणूस खासगी आहे म्हणून सुटेल असं समजू नका. सरकारी नोकरावर वजन वापरतो म्हणून पैसे घेणाऱ्यालाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७-अ आहे आणि शिक्षा तीच, तीन ते सात वर्षं. मात्र २०१८ च्या दुरुस्तीनंतर एक गोष्ट बदलली, ती नीट ऐका. लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. आधी कळवून, विभागाला मदत म्हणून दिली तर गुन्हा नाही. म्हणून "आधी देऊ, काम झाल्यावर बघू" हा शहाणपणा करू नका.

सापळा आतून कसा असतो ते सांगतो, कारण पेपरात फक्त "रंगेहाथ" एवढंच येतं.

पंच म्हणून दुसऱ्या खात्याचे दोन सरकारी नोकर घेतात. मला सकाळी पत्र आलं, हजर व्हा, कशासाठी ते नाही. तक्रारदार यंत्रमागावरचा कामगार होता, एका कार्यालयात त्याचं कागदाचं काम अडलं होतं. आदल्या दिवशी पडताळणी झालेली: खिशात रेकॉर्डर देऊन त्याला पाठवायचं, मागणी खरंच होते का ते ऐकायचं. आमच्या समोर त्यानं तीन हजार टेबलावर ठेवले. नोटा कोऱ्या नव्हत्या, एकीला हळदीचा डाग होता, त्यावरून त्या घरातल्या डब्यातून आल्यात हे कळत होतं. (सापळ्यातली रक्कम सरकार तक्रारदाराला नंतर परत करतं, पण त्या दिवशी ती त्यालाच आणावी लागते.) नंबर लिहिले, नोटांना अँथ्रासीन पावडर लावली. साध्या उजेडात काही दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. काही सापळ्यांत फिनॉल्फ्थॅलिन वापरतात, त्यात हात धुतलेलं पाणी गुलाबी होतं. त्याला तीनदा बजावलं: त्यानं मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत.

आम्ही आत गेलो. मी पुतण्या असल्यासारखा शेजारी. बाबू मान वर न करता म्हणाला, "आणलं का?" तक्रारदारानं पाकीट काढलं. त्यानं ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग इशारा, मग माणसं आत आली. बाबूचा चेहरा पांढरा पडला आणि तक्रारदाराचा त्याहून जास्त.

पाच वर्षांनी कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. शर्टाचा रंग विचारला, ड्रॉवर डावीकडे होता की उजवीकडे विचारलं, आणि मग वकिलानं शांतपणे विचारलं, "'आणलं का' म्हणजे काय आणलं का? कागद की पैसे? तुम्हाला कसं कळलं?" मी गप्प. खरंच, मला काय ऐकू आलं होतं? दोन शब्द. तोवर तक्रारदार फिरला होता, "मी उसने पैसे परत द्यायला गेलो होतो" म्हणाला. पडताळणीचं रेकॉर्डिंगही खरखरीनं भरलेलं. आरोपी सुटला. दुसऱ्या सापळ्यात आकडा, काम आणि दिवस तिन्ही त्याच्याच तोंडून रेकॉर्ड झाले होते, तिथं शिक्षा लागली. म्हणून पडताळणीला जाल तेव्हा बोलण्यात काम आणि रक्कम दोन्ही स्पष्ट यायला हवीत. तुम्ही आमिष दाखवायचं नाही, पण "कशाचे, किती, कधी" एवढं विचारायला हरकत नाही. तक्रारदार मेला किंवा उलटला तरी मागणी आणि स्वीकार इतर पुराव्यांवरून सिद्ध करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. आमच्या वेळी हे असतं तर, असं कधी कधी वाटतं. तरी मागणी सिद्ध व्हावीच लागते, नुसती नोट सापडून भागत नाही.

आता "थांबत का नाही". सापळ्यांत दरवर्षी महसूल आणि पोलीस हीच दोन खाती वर असतात, त्याची लाज मला अजून वाटते. सापळा लागला, ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की नोकर आपोआप निलंबित. पेपरात फोटो. मग निर्वाह भत्ता सुरू. खटला भरायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायदा तीन महिने म्हणतो, कागद त्याहून जास्त फिरतो. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणि राज्याच्या २०१९ च्या शासन निर्णयानंतर ९० दिवसांत दोषारोप दिला नाही तर निलंबन लांबवता येत नाही. नियम न्यायाचाच आहे, चौकशीविना माणसाला लटकवून ठेवू नये. पण दोषारोपपत्र वेळेत तयार करायचं कामही आमच्यातल्याच एका आस्थापना लिपिकाकडे असतं. मग सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस शेजारच्या तालुक्यात खुर्चीवर दिसतो आणि गाव म्हणतं, काही होत नाही. खटला दोन वर्षांत, फार तर चार वर्षांत संपवावा असं कायदा सांगतो. मी पाच वर्षांनी साक्ष दिली होती.

आणि सापळ्यात सापडतो तो पाच हजारवाला. टक्केवारीवाला सापडत नाही, कारण तिथं कुणी कुणाला अडवत नाही, सगळेच खूश असतात. रस्त्याच्या कामात ठेकेदार, अभियंता, पुढारी यांच्यात तक्रारदारच नसतो. तिथला पुरावा नोटेवर नसतो, मोजमाप पुस्तिकेत असतो. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेलं देयक, या चार कागदांच्या प्रती घ्या आणि टेप घेऊन रस्त्यावर जा. ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर घरबसल्या दिसतो. एकच काम तीन तुकड्यांत मोडलेलं दिसलं की समजायचं, ई-निविदा चुकवलीय. अधिकाऱ्यांच्या निर्णयाची चौकशी करायला आता भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७-अ खाली आधी परवानगी लागते, त्यामुळे ही वाट सापळ्याहून कितीतरी लांबची. लोकायुक्तांकडे मात्र वकिलाशिवाय तक्रार करता येते.

या मोठ्या प्रकरणांत एकट्यानं उतरू नका. तळेगावच्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये खून झाला, जमिनींची प्रकरणं त्यांनी लावून धरली होती. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेनं २०१४ मध्ये केला, अजून लागू केलेला नाही. भीमेच्या वाळूबद्दल अर्ज करायचा असेल तर दहा जणांनी दहा ठिकाणांहून करा. वारस नोंदीला एवढं नाही. (माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मग मांडवलीला बसणारेही आपल्या शहरात आहेत. त्यांच्यामुळे तुमच्यासारख्याच्या अर्जाकडे संशयानं पाहतात, हेही ठाऊक असू द्या.)

तुमची खरी भीती पुढच्या आयुष्याची आहे. त्रास होत नाही असं मी सांगणार नाही. तक्रार करणाऱ्याचं काम मुद्दाम कुणी बिघडवत नाही, तेवढी हिंमत नसते. त्याचं काम नियमानं करतात, म्हणजे एक झेरॉक्स कमी असली तरी परत. पण नियमानं होणं हेच तर तुम्हाला हवंय. कागद पुरे ठेवा, तारखा लिहून ठेवा. माझ्या पाहण्यात असं आहे की ज्यानं एकदा पोच मागितली, त्याच्याकडे पुन्हा सहसा कुणी पैसे मागत नाही. "तो कागदवाला आहे" असं नाव पडतं. ते नाव पडू द्या.

हे वाचणाऱ्यांत नोकरीतली पोरंही असतील, त्यांच्यासाठी थोडं. साहेब तोंडी सांगतील, "एवढं करून टाक." वर्तणूक नियम १९७९ प्रमाणे वरिष्ठाचा आदेश लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी घ्यावा. नाही म्हणायची गरज नाही. टिपणीत लिहायचं, "मा. साहेबांच्या तोंडी निर्देशानुसार सादर", आणि फाइल वर पाठवायची. दहातल्या नऊ फाइली तिथूनच परत येतात, "राहू दे" म्हणून. माझी दोनदा आडगावी बदली झाली, पण चौकशी एकदाही लागली नाही.

निवृत्त झाल्यावर माझाच एक प्रस्ताव एका कार्यालयात दोन महिने पडून राहिला. गेलो तर तिथला पोरगा हसून म्हणाला, "साहेब, तुम्हाला काय सांगायचं." तेहतीस वर्षं हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून ऐकलं होतं. घरी आल्यावर बायको म्हणाली, देऊन टाका, जाऊ दे. रात्रभर मलाही तसंच वाटत होतं. सकाळी जोडपत्र 'अ' काढलं आणि वर जे तीन मुद्दे सांगितले तेच लिहिले. बाराव्या दिवशी काम झालं. माहिती मात्र आजतागायत मिळाली नाही.

तुम्ही असं करा. या आठवड्यात ई-हक्कवर अर्ज टाका. नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्या. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी तीनला तहसीलला जा. २०१८ च्या शासन निर्णयानं दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहायला ठेवलेत, अर्जाविना. तुमच्या फेरफाराची फाइल बघायला मागा, शेवटची टिपणी कोणत्या तारखेची आहे ते लिहून घ्या, मोबाइलवर फोटो घेऊ देतात का विचारा. जाताना आईला बरोबर न्या, तिच्या सहीवाचून अडू नये. आणि मृत्यूच्या दाखल्याच्या दोन जादा प्रती ठेवा. पहिली हरवलीय म्हणतील.